पी टू पी लेंडिंग: सहा वर्षांचा माझा हिशोब, सगळ्या आकड्यांसकट

गेल्या रविवारी भाच्याचा फोन आला, मावशी बोनस आलाय दीड लाख, एका ॲपवर लोकांना डायरेक्ट कर्ज देता येतं, बारा टक्क्यांपर्यंत मिळतात म्हणे, तू केलंयस ना हे, टाकू का? फोनवर जेवढं सुचलं तेवढं त्याला सांगितलं पण रात्री माझी जुनी वही काढून बसले आणि वाटलं हे नीट लिहूनच काढावं, कारण मी सुरू केलं तेव्हा मराठीत असं आकड्यांसकट लिहिलेलं मला कुठे सापडलं नव्हतं, जे होतं ते सगळं रेफरल कोड वाटणाऱ्यांचं.

मी साताऱ्यात हायस्कूलला गणित शिकवते. दोन प्लॅटफॉर्म वापरले, पहिला जुलै २०१९ पासून आणि दुसरा जून २०२२ पासून. दोघांची नावं लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते एका कंपनीबद्दल नाही, या सगळ्या पद्धतीबद्दल आहे.

पी टू पी म्हणजे पीअर टू पीअर, एका माणसाने दुसऱ्याला थेट दिलेलं कर्ज, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बँक आपले पैसे घेते आणि दुसऱ्याला कर्ज देते, तो बुडाला तरी आपली एफडी बँकेला द्यावीच लागते. इथे मधे बँक नाही. आपण थेट एका अनोळखी माणसाला कर्ज देतो, प्लॅटफॉर्म फक्त गाठ घालून देतो, कागदपत्रं करतो, हप्ते गोळा करतो. रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०१७ ला यासाठी नियम काढले आणि तेव्हापासून अशा कंपनीला एनबीएफसी-पीटूपी (बँक नसलेली, पी टू पी चालवणारी वित्तीय कंपनी) म्हणून रजिस्टर व्हावं लागतं. तारण नसतं, जामीनदार नसतो. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत जो विमा असतो तोही इथे नाही. प्लॅटफॉर्मने मुद्दलाची हमी द्यायची नाही असं नियमातच आहे. हे सगळं ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेलं होतं आणि मी आधार ओटीपी टाकून त्यावर सही केली होती, तेव्हा मला कोणी फसवलं असं माझं अजिबात म्हणणं नाही.

मी यात का गेले ते सांगते. माझ्या माहेरच्या गल्लीत शिलाईकाम करणाऱ्या एक काकू होत्या, त्यांनी मशीनसाठी एका खाजगी सावकाराकडून महिना दहा टक्क्यांनी पैसे उचलले होते, महिना दहा, वर्षाचे नाही. दोन वर्षं नुसतं व्याज भरत होत्या, मुद्दल तसंच. अशा माणसाला वर्षाला चोवीस टक्क्यांनी पैसे मिळाले तर त्याची सुटका आहे आणि मला एफडीपेक्षा जास्त मिळतात, दोघांचंही भलं, असं मला मनापासून वाटलं होतं. आजही ती कल्पना चुकीची वाटत नाही.

सुरुवातीला दहा हजार टाकले. रजिस्ट्रेशनचे पाचशे अधिक जीएसटी. पैसे प्लॅटफॉर्मच्या खात्यात जात नाहीत, एस्क्रो खात्यात जातात आणि ते ट्रस्टी सांभाळतो, ही गोष्ट चांगली आहे, उद्या कंपनी बंद पडली तरी एस्क्रोतले पैसे तिचे नसतात. मग कर्जदारांची यादी दिसते. प्रत्येकाचं वय, शहर, पगार, चालू असलेले हप्ते, सिबिल स्कोअर, कर्ज कशासाठी हवंय, रिस्क ग्रेड आणि व्याजदर. रात्री भांडी आवरून झाली की मी रोज अर्धा तास ही यादी वाचत बसायचे आणि ज्याला पैसे दिले त्याची एक ओळ फुलस्केप वहीत लिहायचे. नागपूरची एक बाई, वय ४१, घरी शिलाई, पिको-फॉलचं मशीन घ्यायचंय, १८ टक्के. पुणे जिल्ह्यातला मुलगा, वय २९, पगार २४ हजार, नोकरीला १४ महिने, बहिणीचं लग्न, २८ टक्के. दोघांना दोन दोन हजार दिले. नागपूरच्या बाईंचा हप्ता दर महिन्याला ५ तारखेला यायचा, एकदाही चुकला नाही आणि शेवटचे दोन त्यांनी एकदम भरून टाकले. लग्नवाल्या मुलाचे चार आले आणि थांबले.

पहिले सहा महिने सगळं हिरवं. डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात पोर्टफोलिओ यील्ड, म्हणजे दिलेल्या सगळ्या कर्जांवरचा परतावा, २३.८ टक्के. आणि इथेच माझी सगळ्यात मोठी चूक झाली, नवीन येणारा प्रत्येक जण बहुतेक हीच करत असेल. कर्ज दिल्यावर पहिले चार-पाच महिने जवळपास सगळेच हप्ते भरतात, बुडवणारे दिसायला लागतात ते सहाव्या-आठव्या महिन्यापासून. म्हणजे सहा महिन्यांनी जे चित्र दिसतं ते चांगलंच असणार, आणि ते चित्र बघून मी दहा हजारांचे एक लाख वीस हजार केले. शिवाय आलेले हप्ते परत परत फिरवत राहिले, त्यामुळे एकूण १३७ जणांना कर्ज दिली गेली.

आता तो २३.८ चा आकडा समजून घ्या, मी वर्गात शिकवते तसंच सांगते. समजा एकाला ५,००० रुपये १२ महिन्यांसाठी २४ टक्क्यांनी दिले. लोकांना वाटतं १,२०० रुपये व्याज मिळणार. तसं नाही होत, कारण मुद्दल दर महिन्याला परत येत जातं आणि व्याज फक्त राहिलेल्या मुद्दलावर. हप्ता बसतो ४७२ रुपये ८० पैसे, बाराचे झाले साधारण ५,६७३, म्हणजे पूर्ण व्याज ६७३ रुपये. आता दुसऱ्या एकाला ५,००० दिले आणि त्याने पहिलाच हप्ता भरला नाही, तर ते पाच हजार भरून काढायला सात-साडेसात प्रामाणिक माणसांचं वर्षभराचं व्याज लागतं. शंभर कर्जांत दहा जण सुरुवातीलाच बुडाले तर ९० जणांचं व्याज साधारण ६०,६०० आणि गेलेलं मुद्दल ५०,०००. हातात राहिले दहा हजार, त्यातून प्लॅटफॉर्मची फी, त्यातून टॅक्स. दहा टक्के लोकांनी बुडवलं म्हणजे चोवीसातून दहा गेले आणि चौदा उरले असं गणित इथे होत नाही हो, आणि मी स्वतः गणिताची बाई असून हे कागदावर मांडायला मला दीड वर्ष लागलं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि हप्त्यांचे मेसेज कमी कमी होत गेले. प्रत्येक नावापुढे ओव्हरड्यू, म्हणजे हप्ता थकलाय, मग तीस दिवस, साठ दिवस, नव्वद झाले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. कस्टमर केअरला फोन केला की एकच उत्तर, मॅडम रिकव्हरी प्रोसेसमध्ये आहे. पुढे कायदेशीर नोटीस, लवाद वगैरे करायचं तर त्याचा खर्च लेंडर्समध्ये, म्हणजे कर्ज देणाऱ्या आमच्यासारख्यांत, वाटून घ्यायचा असा ईमेल आला, माझे अडकलेले २,००० आणि वाट्याला येणारा खर्च बघून मी नाही म्हटलं, बाकीच्यांनीही तेच केलं असणार.

डिफॉल्टनंतर ॲग्रीमेंटच्या पीडीएफमध्ये पत्ता आणि नंबर दिसायचा. त्यातला एक माणूस शिरवळकडचा निघाला, आमच्यापासून तासाभराच्या रस्त्यावर. मी त्याला एकदा फोन केला. हे लिहिताना आजही नीट वाटत नाही. फोन त्याच्या आईने उचलला. मी कोण ते सांगितलं तर म्हणाल्या, ताई कंपनी बंद हाय दोन म्हैने, पोरगं भाजी इकतंय, आत्ता नाय हो जमायचं. मी असू दे म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर आठ महिन्यांनी त्याच्या नावावर लागोपाठ तीन हप्ते आले, कोणी न मागता, आणि मग पुन्हा बंद झाले. वहीत त्याच्या नावापुढे मी बुडाला असं अजून लिहिलेलं नाही.

२०२२ च्या अखेरीला नवीन कर्ज देणं बंद केलं आणि पहिल्या प्लॅटफॉर्मचा हिशोब मांडला. १३७ पैकी २१ जणांनी बुडवलं, त्यातलं मुद्दल ३८,४००. मिळालेलं सगळं व्याज ४१,९००. सगळ्या फी मिळून ५,६००. म्हणजे २,१०० चा तोटा. त्यावर इन्कम टॅक्स वेगळा, कारण व्याज हे इतर उत्पन्नात धरलं जातं आणि आपल्या स्लॅबने टॅक्स लागतो, माझ्या वीस टक्क्यांच्या स्लॅबने साधारण ८,७०० गेले. आमच्या सीएंना विचारलं की बुडालेले ३८,४०० यातून वजा नाही का होणार, ते म्हणाले नाही. मिळालेल्या प्रत्येक रुपयावर टॅक्स आणि गेलेल्या रुपयाची दखल नाही, ही गोष्ट एकाही जाहिरातीत मी वाचलेली नाही. हेच पैसे एफडीत असते तर वीसेक हजार तरी सुटले असते.

पण त्या वहीतून एक गोष्ट हाती लागली ती सांगायलाच हवी. ३० टक्क्यांच्या वर व्याज असलेली माझी १७ कर्ज होती, त्यातली ९ बुडाली. १६ ते १८ टक्क्यांवाली ४१ होती, त्यातली फक्त २. बाकी ७९ मधली १०. आणि २१ पैकी १२ जण असे होते की ज्यांचा निम्म्याहून जास्त पगार आधीच दुसऱ्या हप्त्यांत जात होता. हे त्यांच्या प्रोफाइलवर स्पष्ट लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं, पण शेजारचा ३२ टक्क्यांचा आकडा बघून पैसे टाकले. एवढं व्याज द्यायला जो तयार होतो त्याला बाकी सगळीकडून नकार मिळालेला असतो.

आता दुसरं ॲप. इथे यादी वगैरे काही नाही, पैसे टाका, बारा टक्के, रोज व्याज दिसणार, कधीही काढा. जून २०२२ मध्ये दोन लाख टाकले, पहिल्या अनुभवानंतर मला हे सोपं आणि सुरक्षित वाटलं, खरं सांगते. रोज सकाळी शाळेत जाताना बघायचे, कधी ६५ रुपये वाढलेले कधी ६८. नोव्हेंबर २०२३ मध्ये वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ४० हजार काढले तर दुसऱ्या दिवशी दुपारी खात्यात जमा. त्या दिवसानंतर माझा पूर्ण विश्वास बसला. आणि तेव्हा एक साधा प्रश्न मला पडला नाही, की माझे पैसे जर लोकांना वर्षाच्या कर्जाने दिलेत तर मला दुसऱ्या दिवशी कुठून मिळाले? ते मिळाले दुसऱ्या कोणीतरी नव्याने टाकलेल्या पैशांतून, माझी कर्ज त्याच्या नावावर केली गेली आणि त्याचे पैसे मला आले. नवीन माणसं येत आहेत तोवर हे चालतं.

१६ ऑगस्ट २०२४ ला रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले. पी टू पी हे ठराविक मुदत आणि ठराविक परताव्याची गुंतवणूक म्हणून विकायचं नाही, हवे तेव्हा पैसे काढायची सोय द्यायची नाही, एस्क्रोत आलेले पैसे पुढच्या दिवसापर्यंत पुढे गेलेच पाहिजेत, आणि तोटा झाला तर मुद्दल-व्याज सगळं लेंडरचं गेलं हे स्पष्ट सांगायचं. काही दिवसांतच ॲपवर नोटीस आली, विड्रॉ बंद, कर्जदार जसजसे फेडतील तसतसे पैसे मिळतील. त्या दिवशी माझ्या नावावर २ लाख ११ हजार दिसत होते.

मग मी पहिल्यांदा ते कर्जांचं स्टेटमेंट डाउनलोड केलं. शेकडो ओळी. एकाला ८३ रुपये, एकाला ११२, एकाला ४७ रुपये ५० पैसे. नाव अर्धं झाकलेलं, गाव नाही, पगार नाही, कर्ज कशासाठी ते नाही. दोन वर्षं मी या माणसांना कर्ज देत होते आणि त्यातला एकही मला माहीत नव्हता. पहिल्या प्लॅटफॉर्मवर निदान शिलाई मशीन, बहिणीचं लग्न, काहीतरी दिसायचं, चूक केली तर माझी मी करायचे. इथे निवडणं नव्हतंच.

पुढच्या तेरा महिन्यांत तुकड्या-तुकड्यांनी १ लाख ८३ हजार परत आले. २८ हजार ओव्हरड्यूमध्ये आहेत. म्हणजे आधीचे ४० धरून दोन लाखांचे २ लाख २३ हजार झाले, आणि ज्या ५१ हजार व्याजावर मी टॅक्स भरला, १०,६०० रुपये, त्या व्याजातले निम्म्याहून जास्त माझ्या हातात आलेच नाहीत. तीन वर्षांत निव्वळ साडेबारा हजारसुद्धा पूर्ण नाहीत. बऱ्याच जणांनी तेव्हा रिझर्व्ह बँकेला नावं ठेवली की यांच्यामुळे पैसे अडकले. मला नाही तसं वाटत. नियम आले म्हणून धोका निर्माण झाला असं नाही, तो पहिल्या दिवसापासून तिथेच होता, फक्त मला दिसला तेव्हा. हे आणखी दोन-तीन वर्षं चाललं असतं तर मी अजून पाच लाख टाकले असते.

एक गोष्ट मात्र नियमांनीही सुटलेली नाही असं माझं मत आहे. प्लॅटफॉर्मची कमाई होते कर्ज दिलं जातं तेव्हा. कर्जदाराकडून प्रोसेसिंग फी आधीच कापली जाते, माझ्याकडूनही फी जाते, आणि माझी कमाई होते कर्ज परत येतं तेव्हा. नव्या नियमात तर प्लॅटफॉर्मची फी परतफेडीवर अवलंबून ठेवायचीच नाही असं आहे. म्हणजे कर्जदार नीट पारखायची जेवढी गरज मला आहे तेवढी त्यांना नाही, आणि पारखायची साधनं सगळी त्यांच्याकडे. माझी आई पंचवीस वर्षं गल्लीतली भिशी चालवते, वीस बायका, महिना दोन हजार. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाच्या नवऱ्याचा पगार थकलाय हे तिला सांगावं लागत नाही आणि एखादीला उशीर झाला तर ती स्वतःच आदल्या दिवशी येऊन सांगते, वहिनी या खेपेला आठ दिवस सांभाळून घ्या. पंचवीस वर्षांत एकदाही पैसे बुडाले नाहीत. भिशीत व्याज मिळत नाही ते खरं, पण आईने एकदा मला विचारलं होतं, अगं तू ज्यांना पैसे देतेस ते तुला कुठे भेटतात? आणि मी तिला ॲप दाखवलं होतं.

स्टार द्यायचेच तर, कर्जदार बघून निवडता येणाऱ्या पद्धतीला पाचपैकी तीन आणि एका बटणावर सगळं करून देणाऱ्या पद्धतीला एक. स्टेटमेंट, टॅक्ससाठीचे कागद, एस्क्रो हे दोन्हीकडे व्यवस्थित होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

तरी कोणाला करायचंच असेल तर कंपनीचं नाव आधी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवरच्या यादीत बघा, साधं दिसणारं पण पहिलं काम तेच. मर्यादा म्हणाल तर सगळे प्लॅटफॉर्म मिळून ५० लाखांपर्यंत देता येतात, दहा लाखांच्या वर गेलात तर सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट लागतं, एका माणसाला जास्तीत जास्त ५० हजार आणि ३६ महिन्यांपेक्षा लांबचं कर्ज नाही. पण आपल्यासारख्यांनी त्या मर्यादेच्या जवळपासही जायची गरज नाही. १८ टक्क्यांच्या वरचं कर्ज मी आता बघणारही नाही. पहिलं वर्षभर रक्कम वाढवायची नाही, आलेले हप्ते फिरवायचे नाहीत, खात्यात काढून घ्यायचे. डॅशबोर्डचा टक्का बघू नका, एक्सेलमध्ये तारखा आणि रकमा टाकून एक्सआयआरआर, म्हणजे खरा वार्षिक परतावा, काढा आणि त्यात एनपीए झालेली कर्ज शून्य धरा. आणि ऑपरेशन, फी, लग्न असल्या कशासाठीही लागणारे पैसे यात नकोत, वडिलांचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं सप्टेंबर २०२४ मध्ये, विड्रॉ बंद झाल्यावर महिन्याभरात, आणि तेव्हा मी नणंदेकडून हातउसने घेतले, ॲपवर दोन लाख दिसत असताना.

भाच्याला हे सगळं वाचायला पाठवलं. तो म्हणाला, मावशी मग दहाच हजार टाकून बघतो, निवडून, आणि तुझ्यासारखी वही करतो. मी म्हटलं कर, आणि सातव्या महिन्यात मला फोन कर, त्याच्या आधी नको.

त्या २८ हजारांतले गेल्या महिन्यात २१२ रुपये आले. कोणाचे ते कळायला मार्ग नाही, स्टेटमेंटमध्ये नुसता नंबर असतो.